हक्काची बैठक : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ग्रंथजीवन

कुही, मांढळ, वेलतूर या परिसरातील अनेक वस्त्यांत शिरताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा आपले प्रथम स्वागत करतो. निळा कोट, डोळ्यांवर चष्मा, एका हाताचे बोट पुढे उंचावलेले आणि दुसऱ्या हातात छातीशी धरलेला ग्रंथ. राजेमहाराजांचे पुतळे घोड्यावर बसलेले असतात, सेनापतींच्या हाती तलवार असते. ग्रंथ हाती घेतलेला लोकनायक मात्र गावोगाव उभा आहे तो बाबासाहेबांच्याच रूपाने. आपल्या विद्यालयातील लहान मुलेसुद्धा त्यांचे चित्र काढताना तो ग्रंथ काढायला विसरत नाहीत.

तो ग्रंथ भारताचे संविधान आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो हाती येण्यापूर्वी त्या हातांनी किती ग्रंथांची पाने उलटली, त्यांसाठी कोणी कोणते मोल दिले आणि ते वाचण्याकरिता या महापुरुषाला बसायला जागा तरी कोठे कोठे शोधावी लागली, याचा विचार आपण क्वचितच करतो. निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत हा विचार व्हावा, हे उचितच आहे. कारण ग्रंथ आणि ग्रंथ वाचण्यासाठी हक्काची जागा, या दोन गोष्टींची सांगड बाबासाहेबांनी आयुष्यभर घातली आणि आपले विद्यालय त्याच सांगडीचे एक लहानसे फळ आहे.

गोणपाटावरचा विद्यार्थी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते, कबीरपंथी होते आणि मुलांच्या अभ्यासाविषयी अत्यंत दक्ष होते. आई भीमाबाई यांचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे कुटुंब साताऱ्यास राहू लागले आणि तेथील शाळेत भीमरावांना आयुष्यातील पहिली बैठक मिळाली, ती गोणपाटाची. वर्गातील इतर मुलांपासून दूर, स्वतःच्या घरून आणलेल्या गोणपाटावर त्यांनी बसायचे आणि शाळा सुटल्यावर ते गोणपाट घरी न्यायचे, असा दंडक होता. कारण शाळेचा नोकर त्याला हात लावण्यास तयार नव्हता. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानेलेलेच राहावे. ज्या मुलाने पुढे जगातील नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवल्या, त्याला शाळेत टेकायला स्वतःचे आसन पाठीवर वाहून न्यावे लागत होते.

कुटुंब मुंबईस आले तेव्हा परळच्या चाळीतील एकच खोली त्यांच्या वाट्याला आली. स्वयंपाक, झोपणे, अभ्यास, सर्व त्याच खोलीत. उशाशी जाते, पायथ्याशी बांधलेली शेळी आणि मिणमिणता दिवा. दोघांना एकाच वेळी निवांत झोपता येईल इतकीही जागा नव्हती. म्हणून सुभेदार मुलाला लवकर झोपवीत, स्वतः पहाटे दोन वाजेपर्यंत जागत बसत, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर आपण आडवे होत. बापलेकांनी एक अंथरूण वाटून घेतले, तेव्हा कोठे एका विद्यार्थ्याला रात्रीचे काही शांत तास मिळाले.

पुस्तकांची ओढ मात्र खोलीच्या मापाची नव्हती. पाठ्यपुस्तकांखेरीज इतर पुस्तके घेण्याचा हट्ट भीमराव धरीत आणि पेन्शनवर जगणारे वडील तो पुरवीत. हाती पैसे नसले की सुभेदार विवाहित मुलींकडे जात. एकीकडे जमले नाही तर दुसरीकडे. तिच्या अंगावरचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणत आणि पेन्शन मिळाली की दागिना सोडवून परत करीत. त्या दागिन्यांची नोंद कोणत्याही ग्रंथसूचीत सापडणार नाही. पण बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाच्या मुळाशी त्या बहिणींचे सोने आहे, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. आजही आपल्या परिसरातील कित्येक माता जोडवी-पाटल्या मोडून मुलांची फी भरतात. त्यांनी हे जाणून घ्यावे की त्यांचे हे कृत्य फार थोर परंपरेतील आहे.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाला, तरी ज्ञानाचे एक दालन तेथेही बंदच राहिले. त्यांना संस्कृत शिकण्याची इच्छा होती; अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली आणि फारसी भाषा घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या हिमतीवर केला आणि ज्या ग्रंथांपासून त्यांना दूर ठेवले होते, त्याच ग्रंथांची परखड चिकित्सा त्यांनी केली. बंद दारासमोर रडत न बसता ते दार स्वतः उघडण्याइतके सामर्थ्य कमवायचे, हा त्यांचा स्वभावधर्म विद्यार्थिदशेतच घडला.

बागेतील बाक आणि एक भेट

घरात जागा नव्हती, म्हणून शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. त्याच बागेत विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत असत. रोज एकटाच, पुस्तकात मान घालून बसलेला हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याची विचारपूस केली, स्वतःची पुस्तके त्याला वाचायला दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. समाजाने आपल्या या गुणी विद्यार्थ्याच्या कौतुकासाठी सभा भरवली, तेव्हा केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले.

सत्कारात हार मिळतात, ते दुसऱ्या दिवशी सुकतात. ही भेट सुकली नाही. त्या चरित्राने भीमरावांच्या मनात प्रश्न उभे केले. वडील घरात रामायण-महाभारत वाचून घेतात, मग बुद्धाच्या वाङ्मयाची ओळख त्यांनी का करून दिली नाही, असे त्यांनी वडिलांनाच विचारले. तो प्रश्न पुढे आयुष्यभर त्यांच्या सोबत राहिला. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आपल्या नागपूरच्या भूमीवर लाखो बांधवांसह त्यांनी बुद्धाला शरण जाऊन जो महान इतिहास घडवला, त्याच्या उगमाशी एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याच्या हाती ठेवलेले एक पुस्तक होते. पुस्तक देणाऱ्याला ते पुढे कोठवर जाईल हे कधीच ठाऊक नसते.

केळुसकर गुरुजींच्याच शिफारशीने महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्या आधारावर १९१२ साली ते पदवीधर झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदारांचे निधन झाले. ज्याने पहाटे दोनपर्यंत जागून मुलाला अभ्यासाला उठवले, तो पिता मुलाची परदेशातील कीर्ती पाहण्यास उरला नाही.

न्यूयॉर्क, लंडन आणि बुडालेली पेटी

त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील ग्रंथालयात कोणी त्यांची जात विचारली नाही, कोणी वेगळे आसन दाखवले नाही. उपाशी माणसाने भरल्या ताटावर बसावे तसे ते ज्ञानावर बसले. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार आणि राज्यशास्त्राचे तीन अभ्यासक्रम त्यांनी तेथे घेतले. १९१५ साली एम. ए. झाले, मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवरील आपला सुप्रसिद्ध निबंध त्यांनी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचला. जॉन ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे गुरू त्यांना येथेच लाभले.

शिष्यवृत्तीची रक्कम बेताची, घरी कुटुंबाला पैसे पाठवायचे. तरीही उरल्यासुरल्या पैशांतून ते न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ घेत. सुमारे दोन हजार जुने ग्रंथ त्यांनी असे जमवले. मायदेशी पोहोचवण्यासाठी ते एका मित्राच्या स्वाधीन केले. त्यांतील थोडेच त्यांच्या हाती परत आले.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पहिल्या महायुद्धाचे ते दिवस होते. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीने निघाली होती, ती बोट पाणतीराच्या माऱ्यात समुद्राच्या तळाशी गेली. थॉमस कुक कंपनीने नुकसानभरपाई म्हणून सहाशे रुपये दिले, आणि त्या पैशांतूनच बडोद्यास नोकरीवर रुजू होण्याचा खर्च भागला. म्हणजे बुडालेल्या ग्रंथांनीही आपल्या धन्याला एक शेवटची मदत केली.

बडोद्यात जे घडले ते आपल्या समाजाच्या स्मरणात कोरलेले आहे. कोलंबियाचा विद्वान गावात राहायला खोली शोधत होता आणि कोणी त्याला खोली देत नव्हते. एका पारशी विश्रामगृहात नाव लपवून त्यांनी आसरा घेतला. वरच्या मजल्यावरचे ते ओसाड दालन, अडगळीने भरलेले, वटवाघळांचे घर. रात्री एक लहानसा कंदील. त्याच्या उजेडात ते एकटेच वाचत बसत आणि वाचनात स्वतःला विसरण्याचा प्रयत्न करीत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्या दिवशी कमाठी बागेत झाडाखाली त्यांनी काढलेले तास म्हणजे भारताच्या सामाजिक इतिहासातील एक लाजिरवाणे पान आहे. चर्नी रोडच्या बागेत ते शाळकरी मुलगा असताना घरात जागा नाही म्हणून बसत होते. आता ते जगभरची विद्या घेऊन आले होते, तरी बसायला पुन्हा बागच उरली होती. विद्या मिळवली की प्रतिष्ठा आपोआप मिळते, हा भ्रम तेथे कायमचा गळून पडला. विद्येला संघर्षाची जोड द्यावी लागेल, हे त्यांनी ओळखले.

मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून काम करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. या वेळचे त्यांचे विद्यार्थिजीवन म्हणजे तपश्चर्याच होती. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडण्याच्या वेळी ते दारात हजर असत आणि संध्याकाळी बंद होईपर्यंत जागा सोडत नसत. दुपारचे जेवण वाचवले की वेळही वाचे आणि पैसाही. रात्री निवासस्थानी परतल्यावर पुन्हा वाचन; भूक फारच लागली तर भाजलेले पापड. १९२१ मध्ये एम. एस्सी., त्यानंतर बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध त्याच वर्षी लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

इकडे मुंबईत माता रमाईंनी अपार हालअपेष्टा सोसल्या. पाच अपत्यांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. बाबासाहेबांच्या प्रत्येक ग्रंथाच्या एका पानावर लेखकाचे नाव आहे. पण त्या ग्रंथाची किंमत चुकवणाऱ्या हातांत रमाईंचे हात अग्रभागी आहेत. १९४० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयक ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला, तो या ऋणाच्या जाणिवेनेच.

वसतिगृह आणि वाचनालय

परतल्यावर बाबासाहेबांनी पहिली संस्था उभी केली ती २० जुलै १९२४ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभा. तिचे उद्देश आपल्यासारख्या निवासी विद्यालयाशी संबंधित प्रत्येकाने लक्षपूर्वक पाहावेत असे आहेत. बहिष्कृत वर्गात शिक्षणाचा प्रसार करण्यासाठी वसतिगृहे काढणे हा एक उद्देश. आणि संस्कृतीचा प्रसार करण्यासाठी वाचनालये, अभ्यासवर्ग व समाजकेंद्रे चालवणे हा त्याला लागूनच आलेला दुसरा. मंदिरप्रवेश नाही, मेजवान्या नाहीत, सरकारी पदव्यांची मागणी नाही. आधी मुलाला राहायला जागा आणि मग त्याच्या हाती पुस्तक. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे सभेचे वसतिगृह सुरू झाले. मुंबईत मोफत वाचनालय चालू झाले.

१९२७ साली ते मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद झाले. तेथेही त्यांनी हाच आग्रह धरला. गरीब विद्यार्थ्याला दिलेली शिष्यवृत्ती घरच्या अडचणीत विरून जाते आणि मुलगा पुन्हा त्याच अंधाऱ्या, गजबजलेल्या घरात अभ्यासाला बसतो. म्हणून ती रक्कम वसतिगृहांवर खर्च करावी, असे त्यांचे मत होते. हे मत त्यांनी पुस्तकातून घेतलेले नव्हते. परळच्या खोलीत जात्याशेजारी बसून पहाटे अभ्यास केलेल्या माणसाचे ते अनुभवाचे बोल होते. १९२८ मध्ये त्यांनी दलितवर्ग शिक्षण संस्था स्थापन केली, तीही मुख्यतः वसतिगृहांसाठी.

याच काळातील एका घटनेविषयी नवीन पिढीच्या मनात प्रश्न येतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. एक एक पुस्तक जिवापाड जपणारा माणूस ग्रंथ जाळण्यास कसा तयार झाला? याचे उत्तर त्यांच्या वाचनातच आहे. त्यांनी तो ग्रंथ न वाचता झिडकारला नव्हता. त्यातील प्रत्येक नियमाचा अभ्यास करून, त्या नियमांनी स्त्री-शूद्रांच्या जीवनाची काय दशा केली हे दाखवून, त्यांनी त्याचा जाहीर धिक्कार केला. आणि पुढेही आपल्या लेखनात त्याची कलमवार चिकित्सा चालू ठेवली. ते दहन अधिकाराच्या जुलमी सनदेचे होते. ज्या व्यवस्थेने कोट्यवधी माणसांच्या हातून पुस्तक हिरावून घेतले होते, तिच्याविरुद्ध पुस्तकप्रेमी माणसाने केलेला तो उद्घोष होता. वाचल्याशिवाय नमस्कार करू नये आणि वाचल्याशिवाय धिक्कारही करू नये, हा त्यातून घ्यावयाचा धडा आहे.

१९३६ च्या अधिवेशनासाठी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून निमंत्रित केले आणि भाषणाचा मसुदा पाहून अधिवेशनच रद्द केले. व्यासपीठ नाकारले गेले, तेव्हा बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि गुजराती, तमिळ, मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळम या भाषांत त्याची भाषांतरे होऊ लागली. लाहोरच्या मंडपात ते भाषण काही हजार लोकांनी ऐकले असते. छापलेल्या पानांवरून ते आजही वाचले जात आहे.

राजगृह

१९३० नंतरच्या काळात दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी स्वतःचे घर बांधले. त्याला नाव दिले राजगृह, बिंबिसार राजाच्या आणि भगवान बुद्धांच्या सहवासाने पावन झालेल्या मगधातील नगरीचे. धम्मदीक्षेच्या वीस वर्षांहून अधिक आधी त्यांच्या दारावर हे नाव आले, ही गोष्ट त्यांच्या मनाची दिशा सांगून जाते. या घराची आखणी करताना त्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने ग्रंथ होते. माणसे घर बांधतात आणि जागा उरली तर पुस्तकांना एखादे कपाट देतात. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधले. गोणपाट, चाळीची खोली, बागेतील बाक, विश्रामगृहातील अडगळ आणि परक्या देशातील ग्रंथालयाची खुर्ची अशा प्रवासानंतर त्यांना स्वतःची बैठक मिळाली.

पण त्या घराचे सुख रमाईंना फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. पत्नीवियोगाने खचलेल्या बाबासाहेबांना पुन्हा उभे केले ते लोककार्याने आणि ग्रंथांनी.

राजगृहातील संग्रह हजारोंच्या संख्येने वाढत गेला. अर्थशास्त्र, कायदा, इतिहास, धर्म, समाजशास्त्र, राज्यघटना अशा अनेक विषयांचे ग्रंथ तेथे होते. तेथून पुढे त्यांनी लिहिलेल्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिका पाहिल्या तर या वाचनाचा हेतू कळतो. शूद्र कोण होते याची मीमांसा करणारा १९४६ चा ग्रंथ महात्मा जोतीराव फुले यांना अर्पण केलेला आहे. अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेणारा १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना. पाश्चात्त्य विद्यापीठांतील ज्ञान त्यांनी आपल्याच मातीतील वंचितांच्या चरणी आणून ठेवले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाच्या मसुदा समितीची स्थापना झाली आणि त्यांची अध्यक्षपदी निवड झाली. तेव्हा हा सारा व्यासंग राष्ट्राच्या कामी आला.

सिद्धार्थ आणि मिलिंद

स्वतःची बैठक मिळाल्यावर अनेकजण दार लावून घेतात. बाबासाहेबांनी ते दार इतरांसाठी उघडले. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. सुरुवातीला युद्धकाळातील लष्करी बराकींत. १९५० मध्ये औरंगाबाद येथे दुसरे महाविद्यालय निघाले, ते पुढे मिलिंद या नावाने विख्यात झाले. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतील पहिली शिकलेली पिढी तेथून बाहेर पडली.

या नावांचाही अर्थ आहे. सिद्धार्थ म्हणजे सत्याच्या शोधात निघालेला राजपुत्र, आणि मिलिंद म्हणजे भन्ते नागसेनांना अविरत प्रश्न विचारणारा राजा. शोध घेणारा आणि प्रश्न विचारणारा, असे दोन आदर्श त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवले. राजगृहातील मौल्यवान ग्रंथसंपदेचा मोठा भाग त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे सोपवला. न्यूयॉर्कच्या फुटपाथपासून एकेक करून जमवलेले धन त्यांनी अनोळखी मुलांसाठी खुले केले. १९५४ साली मुंबईत झालेल्या सत्कारात त्यांनी आपली तीन उपास्य दैवते सांगितली : विद्या, स्वाभिमान आणि शील. त्यांत विद्येला पहिले स्थान होते, पण शीलावाचून विद्या त्यांना मान्य नव्हती.

अखेरचे पुस्तक

आयुष्याची शेवटची वर्षे दिल्लीत गेली. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी ते भगवान बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथाच्या लेखनात मग्न होते. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय साथ देत नव्हते, दृष्टी मंदावली होती. दिवसभराची सरकारी नोकरी करून नानकचंद रत्तू संध्याकाळी येत आणि हस्तलिखिताची पाने टंकलिखित करीत. पाली भाषेचा कोश आणि व्याकरण तयार करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले होते.

सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी पंतप्रधान पंडित नेहरूंना पत्र लिहिले. बुद्ध जयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त केंद्र सरकारने या ग्रंथाच्या सुमारे पाचशे प्रती विकत घेऊन ग्रंथालयांना व अभ्यासकांना द्याव्यात, अशी त्यांची विनंती होती. त्यासाठीची नियोजित रक्कम संपल्याचे कारण देऊन ती अमान्य झाली. देशाच्या संविधानाच्या शिल्पकाराला आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी अशी याचना करावी लागली, हे वाचून मन विषण्ण होते. परंतु त्या याचनेतही ग्रंथालयांचीच चिंता आहे, हेही ध्यानात घ्यावे.

पुढच्याच महिन्यात नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. या कार्यासाठी नागपूर का निवडले, याचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या भाषणात देताना त्यांनी नागलोकांच्या इतिहासाचा दाखला दिला. बुद्धधम्माच्या प्रसारासाठी झटलेल्या नागांची ही भूमी होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या क्रांतीच्या निर्णयामागेही वाचन होते. आपल्या कुहीपासून जवळच, वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूप प्रकाशात आले, तेव्हा या परिसराचे बुद्धाशी असलेले जुने नाते मातीनेच सांगितले.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी जेवणाकडे जाताना कपाटांतून काही पुस्तके निवडून घेतली. धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित पाने पलंगाशेजारी ठेवण्यास रत्तूंना सांगितले, ती त्यांना पुन्हा नजरेखालून घालायची होती. ६ डिसेंबरची सकाळ उगवली, तेव्हा त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते. तो ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखकाला त्याची छापील प्रत हाती घेता आली नाही.

त्यांचे पुष्कळसे अप्रकाशित लेखन त्यानंतर वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होते. १४ एप्रिल १९७९ रोजी महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखन आणि भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या खंडांच्या संपादनासाठी ज्यांनी आयुष्य वेचले ते वसंत मून आपल्या नागपूरच्याच वस्तीतून वर आलेले होते. बाबासाहेबांच्या चळवळीने ज्याच्या हाती पुस्तक दिले, त्या वस्तीतल्या मुलाने बाबासाहेबांची पुस्तके जगाच्या हाती दिली. ऋण फेडण्याचा याहून सुंदर प्रकार कोणता असू शकेल?

आपली बैठक

नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात बाबासाहेबांच्या नित्य वापरातील वस्तू जतन केलेल्या आहेत. सहलीला गेलेली मुले तेथील कोट आणि टंकलेखन यंत्र कुतूहलाने पाहतात, हात जोडतात. हात जोडणे योग्यच आहे. पण त्या यंत्रापुढे बसणाऱ्याने आधी किती वाचले असेल, हा प्रश्न मनात घेऊन मुले परतली, तर त्या सहलीचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

आज पुस्तक दुर्मिळ राहिलेले नाही, दागिना गहाण टाकण्याची वेळही सर्वांवर येत नाही. तरीही अनेक ठिकाणी ग्रंथालय म्हणजे कुलूप लावलेले कपाट असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. परीक्षेपुरते मार्गदर्शक पुस्तक वाचले की वाचन संपले, अशी समजूत वाढत आहे. खेड्यातील एका खोलीच्या घरात दूरदर्शन संच आला, मोबाईल आला. मुलाला शांतपणे वाचत बसता येईल असा कोपरा मात्र अजूनही आलेला नाही. म्हणूनच निवासी विद्यालयाचे महत्त्व कमी झालेले नाही. येथे मुलाला अन्न आणि अंथरूण मिळते; त्याबरोबर उजेड, शांतता आणि हाताशी पुस्तक मिळाले, तरच बाबासाहेबांनी एकत्र मांडलेले ते दोन उद्देश पूर्ण होतात.

या स्मरणिकेच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना एक नम्र विनंती करावीशी वाटते. आपण हार-तुरे आणावेत, पण त्यांच्यासोबत स्वतः वाचलेले एक पुस्तकही आणावे आणि केळुसकर गुरुजींप्रमाणे ते एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती, त्याच्याशी चार शब्द बोलून, ठेवावे. पालकांनी घरी सुट्टीत आलेल्या मुलाला दिवसातला एक तास वाचनासाठी मोकळा द्यावा. सुभेदार रामजींनी स्वतःची झोप दिली होती. आणि शाळेने संध्याकाळच्या वंदनेनंतर ग्रंथालयाचे दार काही काळ उघडे ठेवावे.

गोणपाटावर बसलेल्या एका मुलाने आपल्या सर्वांसाठी हक्काची बैठक मिळवून दिली. त्या बैठकीवर बसून आपण काय वाचतो, एवढाच हिशेब तो आपल्याकडे मागत आहे.

जय भीम! भवतु सब्ब मंगलं!